एका शब्दापाशी अडलेलं पत्र

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या शाखेच्या व्यवस्थापक मॅडम, विभागीय कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, कर्मचारी संघटनेचे चिटणीस, ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो आहोत त्या आपल्या कार्यालय अधीक्षक बाई, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक आणि जावई, आणि माझ्या आजी-माजी सहकाऱ्यांनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. निवृत्त माणसाच्या हातात माइक देऊन त्याला दहा मिनिटं सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. तरीही मी प्रयत्न करतो. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? येतंय. ठीक.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या वक्तशीरपणाबद्दल सांगितलं, टापटिपीबद्दल सांगितलं, एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एकही कागद रात्रभर पडून राहिला नाही असंही सांगितलं. सगळं खरं आहे. रेकॉर्ड विभागातल्या आमच्या एका मित्राने त्यांचं नाव 'पूर्णविराम' ठेवलं होतं, तेही खरं. कारण मी मजकूर सांगायला लागलो की थांबायचो नाही; एका वाक्याच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. बाई मान वर न करता पूर्णविराम देऊन टाकायच्या. मी विचारायचो, "बाई, इथे मी थांबलो होतो का?" त्या म्हणायच्या, "नाही साहेब, पण वाचणारा थांबेल."

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी आज उठून उभा राहिलो तो जे तुम्हाला माहीत नाही ते सांगायला. ती गोष्ट एका इंग्रजी शब्दाची आहे. घाबरू नका, व्याकरण शिकवणार नाही.

बाईंची मंडळी विम्याच्या धंद्यातली नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माणूस जातो. घरचे कागद घेऊन येतात. आम्ही कागद तपासतो. सगळं जुळलं तर दावा मंजूर. नाही जुळलं तर एक पत्र जातं. त्या पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत एक ठरलेला शब्द असायचा: आपला दावा 'रिप्युडिएट' करण्यात येत आहे. मसुदा वकिलांनी घालून दिलेला. मी दावे विभागाचा अधिकारी होतो, आणि तो शब्द मी किती वेळा तोंडातून काढला असेल याची मोजदाद नाही. चहाचा घोट घेता घेता काढला आहे. अर्थ? अर्थ नाकारणे. एवढा पुरे होता मला.

बाई आमच्याकडे टंकलेखिका म्हणून लागल्या त्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. मी सांगायचो, त्या लघुलिपीत घ्यायच्या, तासाभरात पत्रं सहीला यायची. एका बुधवारी सकाळी मी पाच पत्रं सांगितली. चार आली. पाचवं आलं नाही.

पाचवं पत्र एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना जायचं होतं. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. मूत्रपिंडाच्या आजाराने गेले, वय चाळीसच्या आत. आमच्या चौकशी करणाऱ्याने अहवाल दिला होता: गृहस्थांनी विम्याचा अर्ज भरला जून महिन्यात, आणि त्याच वर्षी अकरा एप्रिलला, म्हणजे अर्जाच्या दोन महिने आधी, ते याच आजारासाठी दवाखान्यात दाखल झाले होते. अर्जात मात्र 'पूर्वी कधी दवाखान्यात होता का' या प्रश्नापुढे 'नाही' असं लिहिलं होतं. म्हणजे माहिती लपवली. आमच्या धंद्यात याहून सरळ प्रकरण नसतं. मी दहा मिनिटांत फाइल हातावेगळी केली.

दुपारी बाराला बाईंना बोलावलं. "पाचवं पत्र?"

"राहिलंय, साहेब."

"रिबन संपली का?"

"नाही. एका शब्दाचा अर्थ लागत नाहीये."

"कुठल्या?"

त्यांनी शब्द सांगितला. मला हसू आलं. "बाई, तो तुम्ही आजवर शंभरदा टाइप केलाय. नाकारणे. झालं?"

"नाकारण्याला रिजेक्ट आहे, साहेब. डिक्लाइन आहे. मग इथे हाच कशाला?"

आता बघा, या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. आणि अधिकाऱ्याला उत्तर येत नसलं की तो काय करतो? आवाज चढवतो. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला इथे टाइप करायला ठेवलंय, भाषाशास्त्र शिकायला नाही. मला अडीचपर्यंत पत्र हवंय."

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांनी ते का विचारलं, हे मला नंतर कळलं. त्या शिवणकामवाल्या बाई सकाळपासून आपल्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या होत्या. तिसरी खेप होती त्यांची. काउंटरवर कुणी नीट बोलेना, म्हणून टाइपरायटरच्या आवाजाच्या दिशेने आत आल्या आणि बाईंना म्हणाल्या, "ताई, पत्र इंग्रजीत येणार ना? मला घरी वाचून दाखवणारं कुणी नाही. तुम्हीच टाइप करता तर तुम्हीच सांगा, काय लिहिलंय." बाई म्हणाल्या, सांगते. आणि पत्र टाइप करायला बसल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्या एका शब्दाचा अर्थ आपल्यालाच धड सांगता येणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे डबे उघडून बसलो. बाई रस्त्यापलीकडच्या वाचनालयात गेल्या. अडीच वाजता माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. हातात पत्र नव्हतं. एक चिठ्ठी होती आणि काखेत ती फाइल.

"साहेब, पाच मिनिटं बोलू?"

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. आपल्या बाईंनी आवाज चढवलेला कुणी ऐकलाय? मी इतक्या वर्षांत ऐकलेला नाही.

चिठ्ठी बघत त्या म्हणाल्या, "मोठ्या कोशात बघितलं. रिजेक्ट म्हणजे मुळात परत फेकणं. डिक्लाइन म्हणजे बाजूला वळणं, कलणं. एखाद्याने काही पुढे केलं आणि आपण नम्रपणे मान वळवली, तसं. आणि आपला हा शब्द आलाय लॅटिनमधल्या 'रिप्युडियम'वरून. त्याचा अर्थ काडीमोड. लग्न मोडल्याचा, ठरलेलं नातं तोडल्याचा निरोप. इंग्रजीत आला तेव्हाही आधी तो बायकोला सोडण्यासाठीच वापरत. त्या शब्दाच्या आत बहुतेक 'पाय' असावा असं कोशकार म्हणतात. म्हणजे लाथेने दूर सारणं. काहीजण त्याचा संबंध लाजेशी लावतात, पण ते फारसं खरं धरत नाहीत. खात्री कुणालाच नाही."

मंडळी, निरोप हा शब्द मी आज निरोप समारंभात उच्चारतोय याची मला कल्पना आहे. आपल्या भाषेत निरोप देतात तेव्हा डोळे भरून येतात, आणि निरोप धाडतात तेव्हा कधीकधी घर मोडतं. शब्द एकच.

बाई पुढे म्हणाल्या, "आपल्याकडे तरी किती शब्द आहेत, साहेब. नाकारणं, फेटाळणं, धुडकावणं, झिडकारणं, अव्हेरणं, लाथाडणं. हे पत्र तुम्ही आपल्या भाषेत सांगितलं असतंत, तर 'तुमचा अर्ज लाथाडण्यात येत आहे' असं सांगितलं असतंत का?"

मग त्या जे बोलल्या ते मी आज त्यांची रीतसर परवानगी घेऊन सांगतो आहे.

"मला असं पत्र आलेलं आहे. माझ्या यजमानांचं. चार ओळींचं. हाताने लिहिलेलं नव्हतं, टाइप केलेलं होतं. खाली सही तेवढी त्यांची. तेव्हा माझी मुलगी अकरा महिन्यांची होती. ते पत्र कुणीतरी टाइप केलं असणार ना, साहेब? माझ्यासारखीच कुणीतरी. तिने ते वाचलं असेल का, की नुसती बोटं चालवली असतील? हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून म्हटलं, शब्द एवढा जड असेल तर तो त्या बाईंच्या हातात द्यायच्या आधी निदान फाइल तरी वाचावी. तुम्हाला न विचारता वाचली. त्याबद्दल मेमो द्यायचा तर द्या."

आणि त्यांनी फाइल माझ्यासमोर उघडली.

दवाखान्याच्या दोन पावत्या होत्या. एक वर, एक खाली, दोन्ही एकाच पिनेत. वरची दाखल केल्याची. तिच्यावर छापलं होतं: अकरा, तिरपी रेघ, चार. आम्ही सगळ्यांनी वाचलं अकरा एप्रिल. बाईंनी पीन काढली आणि खालची पावती वर ठेवली. ती घरी सोडल्याची. तिच्यावर छापलं होतं: अकरा, तिरपी रेघ, सोळा.

"सोळावा महिना कुठे असतो, साहेब?"

मी दोन्ही पावत्या उजेडात धरल्या.

"दवाखान्याचं मशीन आधी महिना छापतं, मग दिवस. अकरा म्हणजे नोव्हेंबर. ते गृहस्थ चार नोव्हेंबरला दाखल झाले, सोळाला घरी गेले. अर्ज जूनचा. अर्ज भरला तेव्हा त्यांना काही झालेलंच नव्हतं. ते लपवणार काय?"

मी दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या कारकुनाने जांभई देत सांगितलं, "हो, नवीन मशीन आहे. महिना आधी येतो. सगळेच फसतात." सगळेच फसतात! त्याच्यासाठी तो मशीनचा स्वभाव होता. मी फोन ठेवला. तासाभरात माझी सही होऊन ते पत्र टपालात पडलं असतं. आणि सही करताना मी बहुधा कुणाशी तरी गप्पा मारत असतो.

दावा मंजूर झाला. त्या शिवणकामवाल्या बाईंना बोलावून सांगितलं. मला वाटलं, आता रडतील, आभार मानतील. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "म्हणजे यांनी खोटं लिहिलं नव्हतं ना?"

मी म्हणालो, "नव्हतं."

"मग तेवढं लिहून द्या. तुमचा माणूस चौकशीला आला होता, त्याने गल्लीत चार घरी विचारलं. तेव्हापासून दीर म्हणतो, दादाने आजार लपवला, तुलाही फसवलं आणि कंपनीलाही. माझी मुलगी ऐकते ते."

मंजुरीच्या पत्रात असं वाक्य घालायची सोय नव्हती. छापील नमुना होता. मी बाईंकडे बघितलं, बाईंनी यंत्रावर कागद चढवला. आपल्या भाषेत, एक वाक्य: आपल्या पतींनी अर्जात दिलेली सर्व माहिती खरी होती, तिच्याबद्दल संशय घेण्यात आमची चूक झाली. पूर्णविराम. मी सही केली. आयुष्यात ज्या सह्यांचा मला अभिमान आहे त्यांतली ती एक. त्या बाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून ब्लाउजच्या मापांच्या वहीत ठेवला आणि बाईंना एवढंच म्हणाल्या, "हा मला वाचता आला."

गोष्ट इथे संपली असती तर मी आज निवांत झोपणारा माणूस असतो.

पुढचे पंधरा दिवस बाई आणि मी त्या दवाखान्याच्या जुन्या फाइली काढून बसलो. चार निघाल्या. तीन ठीक होत्या. चौथीत तीच चूक होती. तिथे पत्र गेलेलं होतं, त्याच शब्दासह, माझ्याच सहीने. आम्ही त्या पत्त्यावर लिहिलं. पाकीट परत आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा परत. माणूस पाठवला, ते कुटुंब खोली सोडून गेलं होतं, कुठे ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. हे नुसतं सांगून ठेवतो.

आणि आता ज्यासाठी मी माइक मागून घेतला ती गोष्ट.

या प्रकरणाचा अहवाल मुख्य कार्यालयाला पाठवायचा होता. तो मी बाईंना सांगितला नाही. नोकरीत पहिल्यांदाच मी एक अख्खा अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला. त्यात एक वाक्य असं होतं: 'फाइलची फेरतपासणी करताना माझ्या लक्षात आले की...' माझ्या. बाकी अहवाल अगदी अचूक होता. तारखा बरोबर, पावत्यांचे क्रमांक बरोबर. तेवढा एक शब्द खोटा.

मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांना परिपत्रक काढलं की तारखांची पद्धत तपासून घ्या. मला प्रशस्तिपत्र आलं, 'दक्ष अधिकारी' म्हणून. पुढच्या वर्षी बढती आली. बढती त्याच्यामुळेच आली असं मी म्हणणार नाही, पण मुलाखतीत त्याचा विषय निघाला होता आणि मी मान खाली घालून विनयाने हसलो होतो. ते हसू मला अजून आठवतं. माणूस चूक करतो ती कळते, मंडळी. पण चूक झाल्यावर तो विनयाने हसतो, तेव्हा त्याला काय म्हणावं?

सुरुवातीला वाटायचं, उद्या सांगू. मग वाटायला लागलं, आता सांगितलं तर लोक विचारतील, इतके दिवस का नाही? मग इतकी वर्षं का नाही? उशीर स्वतःच स्वतःचं कारण होऊन बसतो. बाई मात्र रोज सकाळी तशाच यायच्या, "गुड मॉर्निंग साहेब" म्हणायच्या, माझी वाक्यं जिथे तोडायची तिथे तोडायच्या.

मागच्या महिन्यात या समारंभाचं निमंत्रण आलं आणि मी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. अमुक प्रकरणातली चूक माझ्या नव्हे, आमच्या टंकलेखिकेच्या लक्षात आली होती, तरी नोंद दुरुस्त व्हावी. आठ दिवसांत उत्तर आलं. फार सभ्य भाषेत. बंद झालेल्या नोंदीत दुरुस्ती करण्याची तरतूद नाही, सबब आपली विनंती मान्य करता येत नाही. घरात मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आमची ही म्हणाली, "आता कळलं का, नकार कसा लागतो?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "मुख्य कार्यालयाला काय लिहिता? त्या बाईंना सांगा ना."

परवा फोन केला. म्हणालो, "बाई, सभेत एका प्रशस्तिपत्राबद्दल बोलायचंय."

"लिफ्टवाल्यांच्या प्रकरणातल्या?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"साहेब, तेव्हा टपाल कोण उघडायचं?"

अध्यक्ष महोदया, इतक्या वर्षांत हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. शाखेत येणारं प्रत्येक पाकीट बाई उघडायच्या, शिक्का मारायच्या, नोंद करायच्या आणि मग माझ्या टेबलावर ठेवायच्या. माझं प्रशस्तिपत्र त्यांनी माझ्या आधी वाचलं होतं. वाचून, नीट पाकिटात घालून, माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं.

मी विचारलं, "मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

त्या म्हणाल्या, "वाट बघितली. पहिलं वर्षभर रागाने बघितली. राजीनामासुद्धा टाइप केला होता एकदा. मग मुलीच्या शाळेचा विचार केला आणि फाडून टाकला. पुढे सवयीने वाट बघत राहिले, आणि मग विसरले. विसरले म्हणजे पुरतं नाही." आणि म्हणाल्या, "सांगायचं असेल तर सगळं सांगा. माझ्या पत्राचंही सांगा, मुलीला माहीत आहे. फक्त थोडक्यात सांगा, लोकांना चहा प्यायचा असतो."

थोडक्यात जमलं नाही, बाई. सवय.

संघटनेचे चिटणीस आजच्या सभेचं इतिवृत्त लिहिताहेत. त्यांना विनंती आहे, माझं हे एक वाक्य शब्दशः घ्यावं. तारखेची ती चूक बाईंच्या लक्षात आली. माझ्या लक्षात आली नव्हती. मी खोटं लिहिलं. घेतलंत? त्यांना दाखवून घ्या, काही राहिलं असेल तर त्या सांगतील.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि संयोजकांचे आभार. दहा मिनिटांची वीस केली, पाहुण्यांची गाडी खोळंबली, बाईंच्या लेकीला आणि जावयांना आनंदाच्या दिवशी हे ऐकावं लागलं, त्याबद्दल सर्वांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. बोलण्याच्या ओघात अधिकउणं झालं असेल तेही पोटात घालावं. सभागृहाकडे एवढंच मागणं आहे.

बाई, तुमच्याकडे मात्र सांभाळून घ्या असं म्हणत नाही. मी तुमची क्षमा मागतो. ती आजच द्यायला हवी असं नाही, आणि द्यायलाच हवी असंही नाही. इतकी वर्षं तुम्ही थांबलात. आता मी थांबेन.

नमस्कार.